खोगिरातली भरती

जागा भरण्यापुरता घातलेला निरुपयोगी माल म्हणजे ‘खोगीरभरती’. हा अर्थ रूढ करताना घोड्याला कुणी विचारलेलं दिसत नाही. त्याच्या पाठीचं बरंवाईट त्या भरतीवरच ठरतं.

माथेरानला मोटारी नाहीत, घोडे आहेत. तिथल्या एका तांबूस घोड्याची आयाळ जिथे संपत होती, तिथल्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना रुपयाएवढे पांढरे ठिपके होते. मी कौतुक केलं, तर घोडेवाला म्हणाला, “जन्माचे नाहीत साहेब. आधीच्या मालकाकडे खोगीर लागलं होतं.”

कातडीतल्या केशवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब जेमतेम 30 मिलिमीटर पारा असतो. डॉक्टर आपल्या दंडावर 120 मोजतात, त्याचा चौथा हिस्सा. त्याहून जास्त भार एकाच जागी बराच वेळ राहिला, की तिथलं रक्त अडतं. आधी कातडी सुजते, पुढे केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात. जखम भरते, पण तिथे उगवणारा केस पांढराच.

भार आपल्या वजनाचा असतो, पण तो किती जागेवर पसरला हे महत्त्वाचं. खोगिराचा मधला भाग पाठीला टेकलाच नाही, तर 70 किलोंचा स्वार पुढच्या-मागच्या चार ठिकाणी रुततो. दुडकी चालीत तर दर पावलाला त्याचा भार क्षणभर जवळपास दुप्पट होतो. शिवाय घोड्याला गळ्याचं हाड नसतं. पुढचा पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेला, त्यामुळे पाय पुढे टाकला की फऱ्याचं, म्हणजे खांद्याच्या चपट्या हाडाचं, वरचं टोक मागे सरकतं. खोगीर त्यावरच बसवलं, तर दर पावलाला टक्कर. म्हणून ते फऱ्याच्या मागे हवं आणि अठराव्या, म्हणजे शेवटच्या बरगडीच्या अलीकडे संपायला हवं. त्याच्या मागे कण्याला बरगड्यांचा आधार नाही.

घोड्याची पाठही वर्षभर सारखी राहत नाही. हिरवं गवत मिळालं की भरते, काम वाढलं की स्नायू बदलतात. इकडे खोगिरातली लोकर दबून गोळे धरते. नव्या खोगिरातली भरती पहिल्या काही महिन्यांतच दबून खाली बसते, म्हणून ते लवकर तपासायचं. पुढे वर्षातून एकदोनदा. घट्ट खोगिराखाली जाड नमदा (लोकरीची गादी) घालणं म्हणजे चावणाऱ्या बुटात दुसरा मोजा चढवणं. खोगीर एका बाजूला कललं असेल, तर स्वारही नकळत तिकडे झुकतो आणि संध्याकाळी कंबर धरतो.

फेरी संपल्यावर खोगीर उतरवलं, की घोड्याची पाठच सगळं सांगते. घाम दोन्ही बाजूंना सारखा हवा. (घोड्याच्या घामात लॅथेरिन नावाचं साबणासारखं प्रथिन असतं, त्यामुळे तो फेसाळतो.) ओल्या पाठीवर मधेच कोरडा चट्टा दिसला तर सावध व्हायचं: तिथे एकतर जबर दाब पडतोय, नाहीतर खोगीर टेकतच नाही.

चामड्याचं म्हणाल, तर घामातलं मीठ शिवण कुरतडतं आणि पावसाळ्यात बुरशी येते. ओल्या फडक्याने पुसावं, सावलीत वाळवावं, तेल बेताने लावावं. तंगाच्या, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या, पट्ट्यांची शिवण मात्र रोज पाहावी. ती उसवली तर स्वार थेट जमिनीवर.

त्या घोडेवाल्याने खोगीर उलटं करून माझा हात त्यावरून फिरवला. डाव्या बाजूला, कापडाखाली, चिंचोक्याएवढा एक गोळा लागला. “आज उसवून पिंजतो,” तो म्हणाला आणि त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला दुसरा घोडा दिला.