पाऊसपेटी : पाऊस मोजा, हळदीचे कागद बनवा
(६ ते १२ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी माहितीपत्रक)

पेटीत काय आहे : मिलिमीटरची चिकटपट्टी (० ते १५०), पाणी मोजायची १० मिलीची बिनसुईची सिरिंज, गाळणकागदाचे ६ तुकडे, न पुसणारा मार्कर आणि नोंदवही. दोन लिटरची रिकामी बाटली, मूठभर खडे, हळद आणि जास्वंदीची फुले तुमच्या घरची.

पर्जन्यमापक

बाटली सरळ अंगाची निवडा. मध्ये कंबरेसारखी बारीक झालेली किंवा पकडायला खाचा असलेली चालत नाही, कारण खाचेपाशी तेवढेच पाणी जास्त उंच चढते आणि आकडा फुगतो. बाटली जिथे निमुळती व्हायला लागते तिथे आडवी कापा. हे काम मोठ्यांचे. कापलेली धार बोचते, तिच्यावर टेप फिरवा. वरचा भाग उलटा करून आत बसवला की नरसाळे तयार. झाकण काढायला विसरू नका. पहिल्या दिवशी मापक कोरडा आणि नरसाळे काठोकाठ भरलेले दिसले, तर झाकण तसेच राहिले आहे.

बाटलीचा तळ फुगीर पायांचा असतो, तिथे मोजमाप बरोबर येत नाही. म्हणून खडे घाला आणि ते पूर्ण बुडतील इतके पाणी ओता. पाण्याची पातळी बाटलीच्या सरळ भागात आली पाहिजे. त्या पातळीवर पट्टीचा शून्य येईल अशी पट्टी चिकटवा आणि वरून रुंद पारदर्शक टेप लावा. टेपची कड उघडी राहिली तर आठवडाभरात पट्टी सुटते, आपल्याकडची हवा तशीच आहे. खड्यांमुळे बाटली वाऱ्याने पडतही नाही.

जागा निवडण्यात सर्वांत जास्त चुका होतात. बाल्कनीत, पागोळीखाली, माडाखाली किंवा कुळागरात (पोफळीच्या बागेत) ठेवलेली बाटली पाऊस मोजत नाही, छपरावरून आणि पानांवरून गळलेले पाणी मोजते. भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मोकळ्यात ठेवा. तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंमी वर हवे. दोन चिऱ्यांच्या बेचक्यात बाटली घट्ट बसते. पाणी तांबूस दिसले तर मातीचे शिंतोडे आत जात आहेत, चिरा आणखी वर घ्या.

रोज एकाच वेळी वाचा. हवामान खाते सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांचा पाऊस मोजते. मुलांची शाळा त्याआधी भरते, म्हणून सातला वाचलेत तरी चालेल, फक्त वेळ बदलू नका. नरसाळे काढा, बाटली सपाट जागेवर ठेवा आणि डोळे पाण्याच्या रेषेत आणून बघा. पाणी कडेला किंचित वर चढलेले दिसते, वाचायची ती मधली खालची रेषा. मूल उभ्याने वरून वाकून बघते तेव्हा आकडा चुकतो. लगेच दुरुस्त करू नका. दोघांनी वेगवेगळा आकडा लिहा, मग ताडून बघा. आपला आकडा का वेगळा आला हे मूल स्वतः शोधते, आणि ते आम्हाला अचूक आकड्याहून महत्त्वाचे वाटते.

वाचून झाले की जास्तीचे पाणी ओतून पुन्हा शून्यावर आणा. पावसाने दडी मारली तर पातळी शून्याखाली जाते, तेव्हाही पाणी घालून शून्य गाठा. पाणी रोज बदलायचेच, साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. खडेही आठवड्यातून एकदा चोळून धुवा. विजा चमकत असताना मात्र आकड्यासाठी अंगणात जायचे नाही.

नोंदवहीत आकड्याशेजारी हवामान खात्याचा शब्द लिहायला लावा : १५.५ मिमीपर्यंत हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. बातमीतला ‘जोरदार पाऊस’ म्हणजे नेमका किती, हे मग अंगणातच कळते. पट्टी १५० ला संपते, म्हणून मुसळधार दिवशी संध्याकाळी एकदा वाचून पुन्हा शून्यावर आणा आणि दोन्ही आकडे मिळवा. सह्याद्रीच्या पायथ्याशी, वाळपईला किंवा सांग्याला मामा-मावशी असतील तर तिथेही एक बाटली ठेवायला सांगा. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि तिथे जास्त बरसतात. महिनाभराच्या दोन वह्या शेजारी ठेवल्या की फरक दिसतो.

सहावी-सातवीतल्या मुलांना एक प्रश्न द्या : रुंद बाटलीत जास्त पाणी पडते, मग आकडा जास्त यायला हवा ना? दोन वेगळ्या रुंदीच्या बाटल्या शेजारी ठेवून बघा, आकडा सारखाच येतो. पाणी जास्त पडते, पण पसरतेही तेवढ्याच जास्त जागेत. तोंडाचा व्यास १० सेंमी असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी, म्हणजे १ मिमी पावसाला ७.८५ मिली पाणी. सिरिंजने मोजून खात्री करता येते.

हळदीचे कागद

पाऊस थांबत नाही अशा दुपारी हे करा. एक मोठा चमचा हळद आणि थोडे पाणी यांचा सरसरीत लेप गाळणकागदाला दोन्ही बाजूंनी लावा. पंख्याखाली पूर्ण वाळवून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलसर राहिलेल्या पट्ट्यांना बुरशी धरते.

लिंबाचा रस, आगळ (कोकमाचा रस), साधे पाणी, खायचा सोडा आणि कपड्यांचा साबण वेगवेगळ्या वाट्यांत घ्या. पट्टी बुडवण्याआधी मुलाला अंदाज लिहू द्या. साबणात पट्टी लालसर होते. सोड्यात बदल जेमतेम दिसतो, कारण सोडा सौम्य आहे. प्रयोग फसला असे समजू नका. लिंबात आणि पाण्यात पट्टी पिवळीच राहते, म्हणजे आम्ल आणि पाणी यांतला फरक हळदीला सांगता येत नाही. आगळ स्वतःच लाल असते, पट्टी त्याच्या रंगाने माखते. ती पाण्यात विसळून मगच बघा.

तो फरक जास्वंद सांगते. चार-पाच लाल फुलांच्या पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवा आणि गाळा. या पाण्यात लिंबू पिळले की गडद गुलाबी रंग येतो, साबणाचे पाणी घातले की हिरवट. पाणी फिके उतरले तर रंगही फिका दिसेल, पाकळ्या वाढवा.

उरलेल्या आगळात चिमूटभर सोडा टाका. जोरात फसफसते, म्हणून पेला अर्धाच भरा आणि बशीत ठेवा. पानाचा चुना वापरणार असाल तर तो मोठ्यांनीच पाण्यात कालवावा, डोळ्याला फार जाळतो. कपड्यावर हळद सांडली आणि साबण लावताच डाग लाल झाला तर घाबरू नका, हाच प्रयोग तिथे चालला आहे. भरपूर पाण्याने खळबळा, डाग पुन्हा पिवळा होतो.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी

माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे) सामान घरी आले की बांधण्यापूर्वी अर्धा तास मुलांना द्या. आंबाडे, तोरिंग, सुपारीचा शिपटा, कांगले, घागऱ्या, जे असेल त्याचे चित्र नोंदवहीच्या शेवटच्या पानांवर काढायचे, शेजारी आजीने सांगितलेले नाव लिहायचे. कवंडळासारखी काही फळे विषारी असतात. तोंडात काही घालायचे नाही आणि नंतर हात धुवायचे.

सिरिंज अडकली तर दट्ट्याला खोबरेल तेलाचा एक थेंब लावा. तरीही चालली नाही किंवा पट्टीवरचे आकडे पुसले गेले, तर दुकानात घेऊन या, चतुर्थीपर्यंत बदलून देतो.