बी.ई.२ : हात सोडले तरी उडत राहणारं विमान

जून १९१४. इंग्लंडमधल्या फार्नबरोहून मेजर सेफ्टन ब्रँकर एका नव्या द्विपंखी विमानातून नेदरॅव्हनकडे निघाले. दोन हजार फुटांवर पोचल्यावर त्यांनी विमान वळवायचा दांडा सोडला, कागद-पेन्सिल काढली आणि खालचे रस्ते, गावं, झाडी यांचं टिपण लिहायला घेतलं. पुन्हा दांड्याला हात लावला तो उतरायच्या वेळी. ब्रँकर काही निष्णात वैमानिक म्हणून ओळखले जात नव्हते, आणि म्हणूनच या उड्डाणाचं महत्त्व मोठं होतं. बेताच्या वैमानिकालाही निर्धास्तपणे खाली पाहता यावं, यासाठीच हे विमान घडवलं होतं. त्याचं नाव बी.ई.२सी, म्हणजे बी.ई.२ची एक सुधारित आवृत्ती; ए, बी, सी, ई ही अक्षरं अशा आवृत्त्यांची.

ब्रँकर यांची आणि लष्करी विमानाची ओळख मात्र इंग्लंडातली नव्हे, आपल्याकडची. जानेवारी १९११ मध्ये दख्खनच्या पठारावर तेव्हाच्या औरंगाबादेत लष्कराच्या कवायती चालल्या होत्या. ब्रिस्टल कंपनीने आपलं बॉक्सकाइट विमान विक्रीच्या आशेने हिंदुस्थानात पाठवलं होतं आणि आंरी जुलेरो हा फ्रेंच वैमानिक ते उडवत होता. हिंदुस्थानात नेमणुकीवर असलेले कॅप्टन ब्रँकर निरीक्षक म्हणून त्याच्याबरोबर वर गेले आणि खाली उतरून सैन्याच्या हालचालींचा अहवाल दिला. घोडदळाला ज्यासाठी तासन्‌तास दौड करावी लागे, ते एका माणसाला वरून दिसून गेलं. लष्करी विमानाचं काम काय, तर पाहणं, अशीच त्या काळची समजूत होती. बी.ई.२ समजून घ्यायचं तर ही समजूत आधी ध्यानात ठेवायला हवी.

या विमानाचा जन्म थोडा आडवाटेने झाला. फार्नबरोचा सरकारी कारखाना मुळात लष्करासाठी फुगे बनवणारा. विमानांची दुरुस्ती करायची मुभा त्याला होती, नवी विमानं बांधायची नव्हती. अधीक्षक मर्विन ओगॉर्मन आणि तिथे नुकताच रुजू झालेला तरुण अभिकल्पक जेफ्री डी हॅविलंड यांनी यातून वाट काढली. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांनी लष्कराला दिलेलं एक व्हॉयझाँ विमान दुरुस्तीला आलं होतं. दुरुस्ती होऊन ते बाहेर पडलं, तेव्हा जुन्यातलं इंजिन तेवढं उरलं होतं, बाकी सगळं नवं. डिसेंबर १९११ मध्ये उडालेलं हे विमान म्हणजे बी.ई.१. नावातला ‘बी’ ब्लेरिओचा. पंखा पुढे असलेल्या विमानांना हा कारखाना ‘ब्लेरिओ’ पद्धतीची म्हणायचा, आणि ‘ई’ म्हणजे प्रायोगिक. त्याचंच भावंड बी.ई.२, हवेने थंड होणाऱ्या रेनॉ इंजिनाचं, १ फेब्रुवारी १९१२ रोजी उडालं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॅलिसबरी मैदानावर लष्करी विमानांची स्पर्धा झाली. ओगॉर्मन स्वतः परीक्षकांमध्ये असल्यामुळे त्यांच्या कारखान्याचं विमान स्पर्धेत उतरू शकत नव्हतं. ते स्पर्धेबाहेर राहून उडालं आणि १२ ऑगस्टला डी हॅविलंड यांनी मेजर साइक्स यांना सोबत घेऊन १०,५६० फुटांची उंची गाठली. हा ब्रिटिश विक्रम होता. बक्षीस सॅम्युअल कोडी या स्पर्धकाच्या विमानाला मिळालं, पण लष्कराने मोठ्या संख्येने मागवलं ते बी.ई.२.

मूळच्या बी.ई.२ला हात सोडून उडण्याची कला अवगत नव्हती. ती दिली एडवर्ड बस्क या तरुण अभियंत्याने. टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेत विमानांच्या छोट्या प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून स्थिरतेचा अभ्यास चालला होता. बस्क ते गणित घेऊन स्वतः विमानात बसायचा आणि आकाशात पडताळून पाहायचा. त्याने पंखांची टोकं मुळापेक्षा किंचित वर उचलली. एका बाजूला विमान कलंडलं की ते त्या अंगाला घसरतं, खाली गेलेल्या पंखाला हवेचा जास्त आधार मिळतो आणि विमान आपोआप सरळ होतं. वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे सरकवला, शेपटीला उभा पडदा दिला, सबंध पंख पिळून वळण्याच्या जुन्या पद्धतीऐवजी पंखांच्या कडांना हलत्या पट्ट्या बसवल्या. या सगळ्यातून बी.ई.२सी तयार झालं. ५ नोव्हेंबर १९१४ रोजी अशाच एका बी.ई.२सीला उड्डाणात आग लागली आणि बस्क त्यात गेला. आपण दिलेली स्थिरता पुढे वैमानिकांना कशी भोवणार आहे, हे पाहायला तो उरला नाही.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला हे विमान नेमकं हवं तसंच होतं. १३ ऑगस्ट १९१४ च्या सकाळी फ्रान्समध्ये आमियाँला उतरलेलं पहिलं ब्रिटिश विमान बी.ई.२ए होतं, वैमानिक हार्वी-केली. पुढच्याच महिन्यात एन नदीकाठी डोनाल्ड लुइस या अधिकाऱ्याने विमानातून बिनतारी संदेश पाठवत तोफांचा मारा दुरुस्त करून दाखवला: किंचित कमी पडला, रेषा बरोबर, पुन्हा डागा. २४ सप्टेंबरच्या त्या संदेशमालेतला शेवटचा संदेश इतकाच होता की मी आता परत येतोय. बिनतारी यंत्र इतकं जड असायचं की निरीक्षकाला जमिनीवरच ठेवावं लागे. विमान उडवणं, गोळे कुठे पडतात ते बघणं आणि मोर्सची कळ दाबणं ही तिन्ही कामं एकाच माणसाने करायची. हात सोडले तरी सरळ उडणारं विमान लागतं ते अशा वेळी.

दोष लपला होता बसण्याच्या जागेत. निरीक्षक पुढे बसायचा, वैमानिक मागे. निरीक्षक किंवा बॉम्बचं वजन असो वा नसो, तोल तोच राहावा म्हणून त्याची जागा गुरुत्वमध्याजवळ, म्हणजे पंखांच्या बेचक्यात ठेवली होती. डोक्यावर पंख, खाली पंख, चहूकडे खांब आणि तारा, समोर फिरता पंखा. दुर्बीण लावायला हे चालून जाई, बंदूक चालवायला मात्र यासारखी अडचणीची जागा शोधून सापडली नसती. आणि बॉम्ब न्यायचे असले की निरीक्षक बहुतेक वेळा सोबत नसेच. २६ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या कोर्त्रेच्या रेल्वे जंक्शनवर शंभर पौंडी बॉम्ब टाकायला विल्यम र्‍होड्स-मूरहाउस बी.ई.२बी घेऊन एकटाच गेला. गोळ्यांनी जखमी झालेल्या अवस्थेत त्याने विमान परत आणलं, अहवाल दिला आणि दुसऱ्या दिवशी प्राण सोडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला तो पहिला वैमानिक.

त्याच उन्हाळ्यात जर्मनांकडे फोकर एकपंखी आलं. त्याची मशीनगन पंख्याच्या पात्यांमधून नेमकी गोळी सोडायची, म्हणजे वैमानिकाने अख्खं विमानच शत्रूवर रोखायचं. १ ऑगस्ट १९१५ रोजी माक्स इमेलमान या जर्मन वैमानिकाने आपलं पहिलं विमान पाडलं ते जर्मनांच्या ताब्यातल्या दुएवर बॉम्ब टाकायला एकट्याने आलेलं बी.ई.२सी. ताशी जेमतेम ११५ किलोमीटर वेगाचं हे विमान पळून जाऊ शकत नव्हतं, धड लढूही शकत नव्हतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे त्याला झटकन वळता येत नव्हतं. वैमानिक वळवू पाही आणि विमान बस्कने शिकवल्याप्रमाणे पुन्हा सरळ होऊ पाही. आकाशात कुणी मारायला येणार नाही, हे गृहीत धरून घडवलेला गुण आता जिवावर उठला होता. मार्च १९१६ मध्ये ब्रिटिश संसदेत नोएल पेंबर्टन-बिलिंग यांनी हे वैमानिक मारले गेले नाहीत, त्यांचे खून झाले आहेत, अशा अर्थाचा आरोप केला. चौकश्या बसल्या. भाषा भडक होती, त्यामागची वेदना खरी होती.

मला मात्र दोष अभिकल्पकांपेक्षा पुढच्या दोन वर्षांतल्या निर्णयांचा वाटतो. विमानाचे आराखडे तयार होते, डझनावारी खासगी कंपन्यांना कामं दिलेली होती, त्यामुळे विमानं येत राहिली. सगळ्या प्रकारची मिळून सुमारे साडेतीन हजार. त्याची जागा घेणारं नवं आर.ई.८ विमान यायला उशीर लागला आणि मधल्या काळात थोडीफार डागडुजी केलेलं बी.ई.२ई आघाडीवर पाठवलं गेलं. एप्रिल १९१७ मध्ये, ज्याला ब्रिटिश वैमानिक ‘रक्तरंजित एप्रिल’ म्हणत, रिख्टहोफेन या नामांकित जर्मन लढाऊ वैमानिकाच्या तुकडीसमोर ही विमानं जायची. छायाचित्रं काढायला जाताना शेजारची विमानं पडताना दिसायची, तरी पुढच्या सकाळी ही मुलं पुन्हा जायची. त्यांच्या वयाचा विचार केला की जीव तुटतो.

फ्रान्सबाहेर गोष्ट वेगळी होती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत इथे जनरल टाउनशेंड यांची सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. १९१६ च्या एप्रिलमध्ये आतलं धान्य संपत आलं, तेव्हा बी.ई.२सीसकट हाताशी होती ती सगळी विमानं धान्य घेऊन निघाली. पिठाची पोती विमानाला बाहेरून बांधायची आणि गावावर आलं की सोडायची. काही पोती टायग्रिस नदीत पडली. हजारो तोंडांना पुरेल इतकं धान्य या दुबळ्या यंत्रांना उचलता येणं शक्यच नव्हतं. २९ एप्रिलला कुत पडलं आणि सातारा, कोल्हापूर, कोकणातले कितीतरी जवान कैदेच्या वाटेला लागले. विमानातून वेढ्यातल्या सैन्याला रसद पुरवण्याचे जे अगदी पहिले प्रयत्न झाले, त्यांत याची गणना होते. हा प्रयत्न आपल्या माणसांसाठी होता आणि अपुरा पडला.

दिवसा ज्या स्थिरतेने घात केला, तीच रात्री कामी आली. जर्मनांची झेपेलिनसारखी वायूने भरलेली हवाई जहाजं रात्री इंग्लंडवर बॉम्ब टाकत होती. अंधारात, दिवे नसलेल्या मैदानांवरून उडायला शांत, सरळ चालणारं विमानच हवं होतं. पुढची जागा रिकामी ठेवून वर रोखलेली लुइस बंदूक आणि पेट घेणाऱ्या गोळ्या दिल्या, की बी.ई.२सी रात्रीचं शिकारी विमान व्हायचं. ३ सप्टेंबर १९१६ च्या पहाटेआधी विल्यम लीफ रॉबिन्सन याने लंडनच्या उत्तरेला एसएल ११ या लाकडी सांगाड्याच्या हवाई जहाजावर गोळ्यांची दोन डबडी रिकामी केली. काही झालं नाही. तिसरं डबडं त्याने शेपटीजवळ एकाच जागी ओतलं आणि जहाज पेटलं. आतले सोळाही जण गेले. खाली रस्त्यांवर लोक जल्लोष करत होते. हा रॉबिन्सन जन्माने कोडगूचा, पॉलिबेट्टाच्या कॉफीच्या मळ्यातला.

हिंदुस्थानातही हे विमान आलं. ३१ क्रमांकाचं स्क्वाड्रन १९१५ च्या डिसेंबरअखेर मुंबई बंदरात उतरलं आणि तिथून वायव्य सरहद्दीवरच्या रिसालपूरला गेलं. हिंदुस्थानच्या आकाशात पहिले आम्ही, या अर्थाचं ब्रीद ते स्क्वाड्रन पुढे मिरवत राहिलं. वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत समोर फोकर नव्हतं, उष्ण विरळ हवा आणि थकणारं इंजिन होतं. १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धातही तिथे बी.ई.२चंच उड्डाण चालू होतं.

एक बी.ई.२सी आज कॅनडात ओटावाच्या संग्रहालयात आहे, क्रमांक ४११२. फ्रेडरिक सॉवरी याने सप्टेंबर १९१६ मध्ये एल ३२ हे झेपेलिन पाडलं ते याच विमानातून. आणि एक बी.ई.२ई युद्धानंतर ऑस्ट्रेलियात गेलं. क्वांटास या तिथल्या विमान कंपनीकडे सुरुवातीला जी दोन विमानं होती, त्यांतलं एक ते होतं. हडसन फिश ते चालवत आणि क्वीन्सलँडच्या गावागावांत पैसे भरून लोक त्यातून एक फेरी मारून यायचे.