फुलाच्या घडणीतील वनस्पती संप्रेरके

वनस्पतीत अत्यल्प प्रमाणात तयार होऊन पेशींचे विभाजन, वाढ व विभेदन (वेगवेगळ्या कामांसाठी वेगळे घडणे) यांचे नियमन करणारी कार्बनी संयुगे म्हणजे वनस्पती संप्रेरके. कळी कुठे धरावी, तिच्यातली कोणती दले वाढावीत, परागकोश केव्हा फुटावेत आणि उमललेले फूल केव्हा सुकावे, या सगळ्यात त्यांचा हात असतो. मात्र एखादे दल संदल (बाहेरचे हिरवे दल) व्हावे, प्रदल (पाकळी) व्हावे, केसरदल (पुंकेसर) की किंजदल (स्त्रीकेसर), ही ओळख ठरवतात ती जनुके; कोएन व मायरोविट्झ यांनी १९९१ मध्ये मांडलेले ‘एबीसी’ प्रारूप या जनुकांचेच आहे. संप्रेरकांकडे जागा, वेळ, आकार आणि संख्या ही कामे येतात. ‘जिबरेलिन या संप्रेरकाने फुले येतात’ यासारखी सरसकट विधाने म्हणूनच फसवी ठरतात. तेच संप्रेरक एका जातीत एक, तर दुसरीत नेमका उलटा परिणाम घडवते, आणि एकाच झाडावर कळीच्या वयानुसारही त्याचा परिणाम बदलतो.

फुलोऱ्याकडे वळणे : दिवसाची लांबी पाने ओळखतात, तेथून शेंड्याकडे जाणाऱ्या संकेताला वनस्पतिवैज्ञानिक मिखाईल चायलाख्यान यांनी १९३०च्या दशकात ‘फ्लोरिजेन’ हे नाव दिले. तो संकेत म्हणजे परिकाष्ठातून (अन्नरस नेणाऱ्या वाहिन्यांतून) वाहणारे एफटी हे प्रथिन आहे, हे २००७ मध्ये अरॅबिडॉप्सिस (प्रयोगांसाठी वापरली जाणारी मोहरीच्या कुळातली लहान वनस्पती) व भात या वनस्पतींत दाखवले गेले. जिबरेलिन त्याला जोड देते. ते डेला नावाच्या रोधक प्रथिनांचा नाश घडवून पुष्पजनुकांवरचा अडसर काढते. जिबरेलिन बनवू न शकणारे अरॅबिडॉप्सिसचे उत्परिवर्तित रोप लहान दिवसांत फुलतच नाही. आंबा व सफरचंद यांसारख्या फळझाडांत मात्र जिबरेलिन फुलोरा रोखून पालवी वाढवते. आंब्याला जिबरेलिनाची निर्मिती थोपवणारे पॅक्लोब्युट्राझोल देतात ते यासाठीच. झाडाच्या फांद्या-पानांच्या घेराच्या दर मीटर व्यासामागे साधारण १ ग्रॅम सक्रिय घटक पाण्यात मिसळून खोडाभोवतीच्या मुळांच्या पट्ट्यात ओततात. मात्रा जास्त झाली की मोहोर आखूड आणि गच्च येतो, पालवी खुरटते. हे रसायन जमिनीत दीर्घकाळ टिकत असल्याने पुढच्या हंगामाची मात्रा आधीचा शिल्लक परिणाम पाहूनच ठरवावी लागते.

कळीची जागा : शेंड्यातील विभज्येच्या (सतत विभाजत राहणाऱ्या पेशींच्या समूहाच्या) कडेला जिथे ऑक्सिन हे संप्रेरक साठते तिथे पुष्पकलिकेचा उंचवटा येतो. ऑक्सिन पेशीबाहेर नेणारे पिन१ हे प्रथिन पेशीच्या एकाच बाजूला बसलेले असते आणि शेजारच्या पेशींचा प्रवाह एका बिंदूकडे वळवते. भोवतालचे ऑक्सिन तिकडे ओढले गेल्याने दुसरा उंचवटा काही अंतर सोडूनच उठतो. लागोपाठच्या कळ्यांमध्ये सुमारे १३७.५ अंशांचा कोन दिसतो तो यामुळे. पिन१ निकामी असलेल्या रोपाचा फुलोरा टाचणीसारखा बोडका राहतो. अशा शेंड्याच्या कडेला लॅनोलिनमध्ये (लोकरीपासूनच्या मेणासारख्या पदार्थात) कालवलेल्या ऑक्सिनाचा ठिपका लावला, तर नेमक्या त्याच जागी कळी धरते. या विषयातला इतका स्वच्छ पुरावा देणारा प्रयोग दुसरा क्वचितच सापडेल. ऑक्सिन तिथे लीफी हे जनुक जागे करते आणि पेशींना फुलाची दिशा मिळते. पुढे किंजमंडलातही (फुलाच्या मादी भागातही) ऑक्सिनाची वाटणी बिघडली, तर अंडाशय आखूड आणि कुक्षीकडचा भाग लांब होतो.

सायटोकायनिन हे संप्रेरक विभज्येतील पेशी विभाजत ठेवते. ते मोडणारे विकर (एन्झाइम) कमी पडले, तर अरॅबिडॉप्सिसची फुले मोठी होतात, बीजके (ज्यांचे पुढे बी होते ते भाग) वाढतात आणि भाताच्या लोंबीत दाणे जास्त भरतात. विभज्येचे काम वेळेवर थांबवणेही तितकेच गरजेचे असते. ॲगामस जनुक ते थांबवते. ते नसेल तर फुलाच्या आत फूल उगवत राहते.

केसरदले : पुंकेसराचा तंतू लांबणे, पराग पिकणे आणि परागकोश फुटणे एकाच वेळी जमावे लागते. ही वेळ जॅस्मोनिक आम्ल हे संप्रेरक साधते, आणि ऑक्सिन व जिबरेलिन त्याच्या निर्मितीला चालना देतात. जॅस्मोनिक आम्ल न बनवू शकणारे रोप नर-वंध्य असते. उमलण्याच्या एक-दोन दिवस आधीच्या कळ्यांवर ते आम्ल लावल्यास त्या कळ्या सुपीक होतात, उमललेली फुले मात्र सुधारत नाहीत. प्रतिकूल हवामानाचा घाव इथेच बसतो. कडक उष्णतेत बार्लीच्या कोवळ्या परागकोशातील ऑक्सिन घटते. थंडीत भाताच्या परागकोशात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक साठून परागाला साखर पोहोचणे मंदावते. दोन्हींत झाड हिरवेगार दिसते, पण दाणे पोकळ राहतात.

लिंगनिश्चिती : काकडीवर्गीय वेलींची कळी सुरुवातीला द्विलिंगी असते, मग केसरदले किंवा किंजदले यांपैकी एकाची वाढ थांबते. इथे एथिलीन हे वायुरूप संप्रेरक मादीकडे, तर जिबरेलिन नराकडे झुकवते. मादी फुले वाढवण्यासाठी २ ते ४ खऱ्या पानांच्या अवस्थेत इथेफॉन या एथिलीन सोडणाऱ्या रसायनाची १०० ते २५० पीपीएम (दशलक्ष भागांत तितके भाग) फवारणी करतात. द्रावणात ३९ टक्के सक्रिय घटक असल्यास लिटरभर पाण्यात अर्धा मिलिलिटर म्हणजे सुमारे २०० पीपीएम. पुढच्या पेरांवरचे लिंग अजून ठरायचे असते म्हणून हीच वेळ साधायची. कळ्या दिसू लागल्यावर फवारून त्यांचे लिंग बदलत नाही. इथेफॉन आम्लधर्मी द्रावणातच टिकते. अल्कधर्मी पाण्यात ते टाकीतच विघटन पावते आणि एथिलीन हवेत उडून जाते, म्हणून द्रावण फवारणीच्या वेळीच करावे. केवळ मादी फुले देणाऱ्या काकडीच्या वाणाचे बी धरण्यासाठी नर फुले हवी असतात. तेव्हा एथिलीनचा संकेत टिपणारी ग्राही प्रथिने बंद पाडणारे चांदीचे क्षार किंवा जिबरेलिन फवारतात. मक्यात चित्र पालटते. तिथे जिबरेलिन कणसातील केसरदले दाबते आणि ते न बनवणाऱ्या बुटक्या मक्याच्या कणसात परागकोश दिसतात. तुऱ्यातील किंजदले मारण्याचे काम जॅस्मोनिक आम्लाचे; ते नसेल तर तुऱ्यात दाणे धरतात.

सुकणे : कार्नेशन व पेटुनियात परागण झाले की किंजातून एथिलीनचा संकेत पाकळ्यांपर्यंत जातो आणि फूल मिटते. पिकलेल्या फळांजवळ ठेवलेली कार्नेशन लवकर मान टाकतात ती याच वायूमुळे. त्यावर सिल्व्हर थायोसल्फेट वापरतात. ०.१ मोलर सोडियम थायोसल्फेटच्या ८० मिलिलिटरमध्ये ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेटचे २० मिलिलिटर ढवळत, थेंबथेंब ओतले की २० मिलिमोलर साठा तयार होतो. क्रम उलटला तर काळपट साका बसतो आणि ते द्रावण टाकून द्यावे लागते. साठा अंधारात, थंड जागी ठेवावा. सुमारे १ मिलिमोलरपर्यंत पातळ करून ताज्या कापलेल्या देठांना तास-दोन तास पाजतात. जास्त झाल्यास पाकळ्यांवर डाग पडतात व देठ करपतो. चांदी हा जड धातू असल्याने उरलेले द्रावण मोरीत ओतू नये. ग्लॅडिओलस व डेलिली यांच्या पाकळ्यांचे सुकणे एथिलीनवर अवलंबून नसते, त्यामुळे त्यांच्यावर हा उपचार वाया जातो.