म्हाताऱ्या मांजराचा थायरॉइड: हे उपचार आले कुठून?

नाशिकच्या गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको इथल्या फ्लॅटांत वाढलेली मांजरं आता सहज तेरा-चौदा वर्षांची होतात. पंचवटीच्या वाड्यांतलं मांजर एवढं जगलंच तर त्याच्या वयाचा हिशेब कोण ठेवत होतं? त्यामुळे ‘खातंय दाबून, पण अंगी काही लागत नाही’ ही तक्रार घरच्यांना नवी वाटते. डॉक्टर अंगठा आणि बोट मांजराच्या गळ्यावरून हळूच खाली फिरवतात, हाताला वाटाण्याएवढी गाठ लागते आणि रक्तात टी-४, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन, तपासायला सांगतात.

थायरॉइड जास्त हार्मोन बनवू लागण्याचा हा आजार पशुवैद्यकाच्या पुस्तकातही जुना नाही. न्यूयॉर्कमध्ये मार्क पीटरसन आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये त्याची नोंद केली, 1980 मध्ये बोस्टनहूनही तशीच नोंद आली. गाठ बहुतेक वेळा साधी असते, कर्करोग फार थोड्या मांजरांत निघतो. आजार अचानक इतका का दिसू लागला याबद्दल डबाबंद खाद्य, त्यातलं कमी-जास्त आयोडीन आणि सोफ्याच्या फोममधली आग रोखणारी रसायनं असे बरेच संशयित आहेत. गुन्हा एकावरही सिद्ध झालेला नाही.

उपचार मात्र जवळजवळ सगळे माणसांकडून उसने घेतलेले. सुरुवातीला शस्त्रक्रियेवर भर होता. पण म्हातारं मांजर, धडधडणारं हृदय आणि त्यात भूल! शिवाय थायरॉइडला चिकटलेल्या बारीक पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागला तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं. गोळ्यांमध्ये आधी प्रोपिलथायोयुरॅसिल वापरून पाहिलं. काही मांजरांच्या रक्तपेशीच नष्ट होऊ लागल्या, तेव्हा ते मागे पडलं. 1980 च्या दशकातच त्याची जागा मेथिमॅझोलने घेतली. आपल्याकडे माणसांना दिलं जाणारं कार्बिमॅझोल शरीरात गेल्यावर मेथिमॅझोलच बनतं, म्हणून मेडिकलमधली तीच गोळी डॉक्टर मांजरालाही लिहून देतात. घरातल्या कुणाच्या डब्यातली गोळी अंदाजाने मोडून देणं मात्र धोक्याचं. उलट्या, तोंड ओरबाडेपर्यंत खाज, पांढऱ्या पेशी घटणं हे त्रास सुरुवातीच्या महिन्यांतच दिसतात. गोळी गाठ घालवत नाही, फक्त हार्मोन बनणं रोखते; म्हणजे ती जन्मभर. गोळी थुंकणाऱ्या मांजरांसाठी पुढे कानाच्या आतल्या, केस नसलेल्या कातडीवर चोळायचं जेल निघालं. हातमोजा घालूनच चोळायचं, नाहीतर औषध चोळणाऱ्याच्याही अंगात जातं.

मुळावर घाव घालणारा उपाय म्हणजे किरणोत्सारी आयोडीन. माणसांवर त्याचा पहिला प्रयोग सॉल हर्ट्झ यांनी बोस्टनमध्ये 1941 साली केला. आयोडीन-131 ची एक सुई, आणि सुमारे 95 टक्के मांजरं बरी. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, त्यामुळे मांजराला काही दिवस वेगळं ठेवावं लागतं, मलमूत्रही सांभाळावं लागतं. हे आयोडीन ट्रॉम्बेत बनतं, पण ते वापरायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आणि तशी खोली लागते, म्हणून नाशिककराची गाडी बहुधा गोळीवरच थांबते.

2011 मध्ये हिल्स कंपनीने आयोडीन अगदी कमी असलेलं खाद्य आणलं. कल्पना सरळ आहे: कच्चा मालच नाही तर हार्मोन कशाचं बनणार? अट एकच, दुसरं काही तोंडात जाता कामा नये. सुक्या बोंबलाचा एक तुकडा पुरे, सगळ्यावर पाणी. घरात माशांचा बेत असेल तेव्हा हे पथ्य टिकवणं किती कठीण, हे मांजरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

मला विचाराल तर गोळी हा काही दुय्यम पर्याय नाही. वाढलेला थायरॉइड मूत्रपिंडातून रक्त जोरात खेळवतो आणि तिथला जुना बिघाड झाकून ठेवतो. गोळी चालू करून काही आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते दाखवणारं) तपासलं की तो बिघाड उघडा पडतो. तेव्हा डोस कमी करता येतो. काढून टाकलेली ग्रंथी परत बसवता येत नाही.