ब्लड लावू की ऑकल्ट? एल्डन रिंगमधला आर्केनवाल्यांचा कायमचा गोंधळ

एल्डन रिंग या व्हिडिओ गेममध्ये आर्केन हा कॅरेक्टरचा स्टॅट वाढवला म्हणजे ब्लीड बिल्ड (वार करत शत्रूचा ब्लीडचा बार भरायचा, भरला की एकदम मोठं डॅमेज, अशी खेळायची पद्धत) झाला आणि ब्लीड बिल्ड म्हणजे हत्याराला ब्लड ही अ‍ॅफिनिटी (हत्याराचे गुण बदलणारा पर्याय) लावायची, इतकं सरळ गणित धरून बसलेले खूप लोक आहेत. दुसरीकडे असेही भेटतात ज्यांनी कुठेतरी ऐकलं की ऑकल्ट या दुसऱ्या अ‍ॅफिनिटीला स्केलिंग (स्टॅट वाढला की हत्याराचं डॅमेज किती वाढतं ते) जास्त मिळतं, मग क्लेमोरला ऑकल्ट लावून मोकळे झाले आणि आता विचारतायत की एवढे वार घातले तरी ब्लीड का होत नाहीये. होणारच नाही भाऊ, त्या तलवारीत ब्लीड आहेच कुठे.

गेम येऊन बरीच वर्षं झाली, २०२२ च्या फेब्रुवारीत आला, २०२४ च्या जूनमध्ये शॅडो ऑफ द अर्डट्री हे एक्सपान्शन आलं, तरी हा प्रश्न काही संपत नाही. त्याचं कारणही तसं समजण्यासारखं आहे. दोन्ही अ‍ॅफिनिटी ब्लॅक व्हेटब्लेड या एकाच वस्तूतून मिळतात (सोबत पॉयझन पण), दोन्ही आर्केनवर चालतात, मेनूमध्ये शेजारी शेजारी दिसतात. हा व्हेटब्लेड नोक्रॉन या जमिनीखालच्या शहरात नाइट्स सेक्रेड ग्राउंडला पडलेला असतो, म्हणजे आधी राडान या बॉसला पाडायचं, मग लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या भागात तारा पडून जो खड्डा होतो त्यातून खाली उतरायचं. त्याच्या आधी ब्लड मिळू शकतं, फोर्ट हाइटमधल्या नाइटला मारलं की ब्लडी स्लॅश हे अ‍ॅश ऑफ वॉर (हत्याराला जोडायचं कौशल्य) मिळतं आणि त्याच्यासोबत ब्लड अ‍ॅफिनिटी येते. ऑकल्टसाठी मात्र बहुतेकांना नोक्रॉनपर्यंत थांबावं लागतं. म्हणून अर्धा गेम लोक ब्लडवर खेळलेले असतात, मग अचानक मेनूत ऑकल्ट दिसतं आणि वाटतं की ही त्याचीच पुढची, भारी आवृत्ती असेल. तसं अजिबात नाहीये.

आता फरक बघा. ब्लड लावलं की हत्याराला वरून ब्लीड मिळतं, आधी असो वा नसो. साध्या लाँगस्वर्डला लावा, ब्लीड आलं. उचिगताना या कटानाला (जपानी तलवार) लावा, तिचं मुळातलं ब्लीड ४५ होतं (एका वारात बार तेवढा भरतो), त्यात भर पडली. शिवाय तो आकडा आर्केनबरोबर वाढत जातो. याची किंमत म्हणजे हत्याराचं मूळ डॅमेज थोडं उतरतं, स्ट्रेंथ-डेक्स (डेक्स्टेरिटी) या स्टॅटचं स्केलिंगही उतरतं आणि आर्केनचं स्केलिंग मिळतं ते बेताचंच.

ऑकल्ट उलटं वागतं. ते हत्याराला ब्लीड देत नाही, एक पॉइंटसुद्धा नाही. देतं ते आर्केनचं दणदणीत स्केलिंग, म्हणजे स्ट्रेंथ बिल्डवाल्याला हेवी अ‍ॅफिनिटीमधून जे मिळतं तेच आर्केनवाल्याला इथे मिळतं, सरळ वाराचं डॅमेज. पण (आणि सगळा गोंधळ या एका पणमध्ये आहे) हत्यारात जर आधीपासून ब्लीड असेल तर ऑकल्ट ते काढत नाही, आणि ते मुळातलं ब्लीड आर्केनबरोबर वाढतं. कीन, हेवी, क्वालिटी या अ‍ॅफिनिटींमध्ये असं होत नाही, तिथे उचिगतानाचं ४५ हे ४५ च राहणार, आर्केन ८ असो की ८०.

म्हणून पहिला प्रश्न ब्लड की ऑकल्ट हा नाहीच. पहिला प्रश्न, माझ्या हातातल्या हत्यारात मुळात ब्लीड आहे का. नसेल आणि तुम्हाला ब्लीड हवं असेल तर ब्लड, विषय संपला. नसेल आणि ब्लीड नको, फक्त आर्केनवर चालणारी एक दणकट तलवार हवी असेल तर ऑकल्ट. खरा विचार करायला लागतो तो मुळात ब्लीड असलेल्या हत्यारांच्या बाबतीत: उचिगताना, नागाकिबा, मॉर्निंग स्टार, फ्लेल, ग्रेट स्टार्स वगैरे.

हे तोंडी समजून घेण्यापेक्षा ग्रेसवर (गेममधल्या विश्रांतीच्या जागी) बसून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. अ‍ॅश ऑफ वॉरच्या मेनूत उचिगताना निवडा, आधी ब्लडवर कर्सर न्या, मग ऑकल्टवर, पुन्हा ब्लडवर. नजर दोनच ठिकाणी ठेवायची, एक अटॅक पॉवरचा आकडा आणि दुसरा खाली पॅसिव्हमध्ये ब्लड लॉसच्या पुढचा आकडा. ब्लडवर खालचा आकडा वर जातो आणि वरचा खाली येतो, ऑकल्टवर बरोबर उलटं होतं. आर्केन वीस-बावीस असेल तर अटॅक पॉवरमध्ये फारसा फरक दिसणार नाही, म्हणून बरेच लोक तेव्हा बघून म्हणतात की ऑकल्टमध्ये काही दम नाही. तोच मेनू आर्केन पन्नास-साठला नेऊन उघडा. अ‍ॅफिनिटी बदलायला पैसे पडत नाहीत, रून (गेममधलं चलन) पण जात नाहीत, त्यामुळे कोणाला विचारत बसण्यापेक्षा हे स्वतः केलेलं बरं.

आता यातलं कोणतं भारी? इथे आकडेमोड करावीच लागते. ब्लीडचा बार भरला की शत्रूच्या एकूण हेल्थचा साधारण १५ टक्के भाग उडतो, वर थोडं ठरलेलं डॅमेज. टक्क्यात असल्यामुळे बॉस जितका मोठा तितका फटका मोठा. समजा बॉसची हेल्थ २०,००० आहे आणि त्याचा ब्लीड रेझिस्टन्स (बार फुल्ल व्हायला लागणारा आकडा) ३००. ब्लड लावलेल्या तलवारीचा एक वार बारमध्ये ८० भरतो, म्हणजे चार वारात बार फुल्ल, तीन हजार गेले. ऑकल्टवर तीच तलवार ६० भरते, म्हणजे पाच वार, आणि प्रत्येक वाराला समजा ५० डॅमेज जास्त. पाच वारांचे अडीचशे वाढीव मिळाले आणि तीन हजारांचा फटका एक वार उशिरा बसला. पहिल्या फटक्यापुरतं ब्लड पुढे, यात वाद नाही. (आकडे समजण्यापुरते घेतलेत, प्रत्येक बॉसचे वेगळे असतात.)

पण दोन गोष्टी लोक मोजतच नाहीत. एक म्हणजे प्रत्येक वेळी ब्लीड झालं की त्या शत्रूचा रेझिस्टन्स वाढतो, दुसऱ्यांदा बार भरायला जास्त वार, तिसऱ्यांदा अजून जास्त. लांबलेल्या फाइटमध्ये ब्लडचा फायदा असा झिजत जातो आणि ऑकल्टचे ते पन्नास मात्र प्रत्येक वाराला चालूच राहतात. दुसरी गोष्ट, बार रिकामा होत असतो. गळक्या टाकीत पाणी भरण्यासारखं आहे, नळ बंद केला की पातळी उतरायला लागते. तुम्ही दोन वार टाकून रोल मारत लांब गेलात, फ्लास्क प्यायलात, बॉस हवेत उडाला, दहा-बारा सेकंद गेले, की भरलेल्यातलं बरंच परत गेलेलं असतं.

आणि म्हणून माझ्या मते हा निर्णय आकड्यांपेक्षा तुमच्या खेळण्याच्या सवयीवर घ्यायला हवा, कारण ब्लडवाला बारवर खेळतो आणि ऑकल्टवाला वारावर.

बारवर खेळायचं म्हणजे चिकटून खेळायचं. दोन कटाना, दोन कर्व्हड स्वर्ड किंवा ट्विनब्लेड, एका कॉम्बोमध्ये जितक्या जास्त हिट तितकं चांगलं, पॉवरस्टान्स करून (दोन्ही हातांत एकाच प्रकारची हत्यारं घेऊन) जंप अटॅक, त्याचं डॅमेज वाढवणारा क्लॉ टॅलिस्मन घातलेला, आणि बॉसचा वार मागे न जाता पुढे रोल मारून टाळायचा म्हणजे लगेच परत मारता येतं. त्यात लॉर्ड ऑफ ब्लड्स एक्झल्टेशन हा टॅलिस्मन घातला की आसपास ब्लीड झालं की २० सेकंद अटॅक २० टक्के जास्त, वर व्हाइट मास्क असेल तर अजून १० टक्के. म्हणजे एकदा ब्लीड झालं की मागे सरकायचं नसतं, उलट तेव्हाच तुटून पडायचं असतं. मलेनिया या बॉससमोर हा स्वभाव कामी येतो, तिला ब्लीड होतं, आणि ती तुम्हाला मारून जी हेल्थ परत घेते ती एका फटक्यात खाली आणायला हाच चांगला उपाय आहे. (तिला हजारवर वेळा एकट्याने हरवून फेमस झालेला तो डोक्यावर मडकं घातलेला लेट मी सोलो हर, त्याच्या एका हातात रिव्हर्स ऑफ ब्लड ही कटाना आणि दुसऱ्यात कोल्ड ही वेगळी अ‍ॅफिनिटी लावलेली उचिगताना होती, हे त्याची कॉपी करणारे बरेच जण विसरतात आणि दोन्ही हातात ब्लड घेऊन जातात.)

पण तुमचा स्वभाव तसा नसेल तर? एक वार टाकला, बाहेर आलो, बघितलं, परत आत गेलो, असं शांतपणे खेळणारे खूप लोक आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही. त्यांनी ब्लड लावलं की बार कधी अर्ध्यावर, कधी पाऊणवर जातो आणि परत येतो, आणि त्या प्रत्येक वारात ते कमी डॅमेज करत असतात. अशांना ऑकल्ट द्यावं. त्यातही माझं आवडतं उदाहरण ग्रेट स्टार्स, अल्टस पठारावर मिळणारा तो काटेरी हातोडा. मुळात ब्लीड ५५, प्रत्येक हिटला थोडी हेल्थ परत देतो, आणि स्ट्रेंथ २२ मागतो म्हणून आर्केनवाले त्याच्याकडे बघत नाहीत. अरे, दोन हातांनी धरला की स्ट्रेंथ दीडपट मोजली जाते, १५ स्ट्रेंथवर तो चालतो! ऑकल्ट लावा, आर्केन वाढवा, एकेक वार जड बसतो, चार-पाच वारांनी ब्लीड होतं ते वरचा बोनस समजायचं.

अजून एक, वाटेतले साधे सैनिक. त्यांचा बार भरायच्या आत ते मरतात, तिथे ब्लीडचा उपयोग शून्य आणि ऑकल्टने एक वार वाचतो. सांगाडे आणि क्रिस्टलियन यांना तर ब्लीड होतच नाही. गेमचा बराचसा वेळ बॉससमोर नाही, रस्त्यातच जातो, हे बिल्डवर चर्चा करताना कोणी धरत नाही.

ज्या हत्यारांना हे दोन्ही लागूच होत नाही तिथे डोकं लावू नका. रिव्हर्स ऑफ ब्लड, रेड्युव्हिया, मोहग्विनचा भाला ही सॉम्बर स्टोनवाली (त्या खास दगडाने अपग्रेड होणारी) मंडळी अ‍ॅफिनिटी घेत नाहीत, त्यांचं ब्लीड त्यांच्या आर्केनवर आपोआप वाढतं. पण ब्लडहाउंड्स फँग त्यात नाही! ती पण सॉम्बर, तिला पण ५५ ब्लीड, पण आर्केनचं स्केलिंगच नाही, आर्केन कितीही वाढवा, ब्लीड तेवढंच. नावात ब्लड बघून तिच्यासाठी आर्केन वाढवणारे आजही भेटतात.

स्टॅटचं पटकन सांगतो. ब्लडवर असाल तर आर्केन ४५ पर्यंत न्या, त्यापुढे बार भरण्यात फार मोठी वाढ मिळत नाही, उरलेले पॉइंट डेक्स किंवा एन्ड्युरन्सला द्या. ऑकल्टवर असाल तर ६० आणि जमलं तर ८० पर्यंत जाण्यात अर्थ आहे कारण इथे डॅमेजच आर्केनमधून येतंय. आणि दोन्हीकडे व्हिगर (हेल्थ वाढवणारा स्टॅट) आधी ४० करा, मग बाकीचं, दोन वारात मेलात तर कुठलाच बार भरणार नाही. समुराई क्लास घेऊन डेक्स ६० केलंय आणि आर्केन अजून ८ वरच आहे अशांनी दोन्हीचा नाद सोडून कीन ठेवावं, त्याला ग्रीस (हत्याराला थोडा वेळ जादा परिणाम देणारा लेप) तरी लावता येतं. स्टॅट बदलायचेच असतील तर लार्व्हल टिअर ही वस्तू घेऊन रेनालाकडे (ती पॉइंट पुन्हा वाटू देते) जा आणि एकदाच नीट बदला, अर्धं डेक्स अर्धं आर्केन असं करू नका.

शेवटच्या फाइटला जाताना एक ध्यानात ठेवा. रॅडगॉन आणि एल्डन बीस्ट हे दोन बॉस सलग येतात, मध्ये ग्रेस नाही, त्यामुळे अ‍ॅफिनिटी बदलता येत नाही, आणि एल्डन बीस्टला ब्लीड होत नाही. पक्के ब्लडवाले असाल तरी दुसऱ्या स्लॉटमध्ये एक ऑकल्ट लावलेलं हत्यार पूर्ण अपग्रेड करून घेऊन जा.