एल अँड एन फेडरल क्रेडिट युनियन स्टेडियम, लुईव्हिल

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लुईव्हिल विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे स्टेडियम. १९९८ मध्ये खुल्या झालेल्या या स्टेडियमला पहिल्या पंचवीस वर्षांतच तीन नावे लाभली : पापा जॉन्स कार्डिनल स्टेडियम (१९९८ – २०१८), कार्डिनल स्टेडियम (२०१८ – २३) आणि जानेवारी २०२३ पासूनचे सध्याचे नाव. कार्डिनल हा केंटकीचा लाल रंगाचा राज्यपक्षी असून विद्यापीठाचे सर्व खेळांतील संघ ‘कार्डिनल्स’ या नावाने ओळखले जातात. विद्यापीठे आपल्या क्रीडासुविधांसाठी पैसा कसा उभा करतात आणि त्या पैशाबरोबर आलेल्या नावाचे पुढे काय होते, हे समजून घेण्यासाठी या स्टेडियमइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

स्टेडियमची जागा मुळात रेल्वेची. १८५० मध्ये सनद मिळालेली लुईव्हिल अँड नॅशव्हिल ही रेल्वे कंपनी दक्षिणेकडील राज्यांतील एक मोठी कंपनी होती आणि ‘एल अँड एन’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाई. इंजिने व डबे बांधण्याचे आणि दुरुस्त करण्याचे तिचे मोठे कारखाने शहराच्या दक्षिण भागात होते. १९८२ च्या अखेरीस ही कंपनी दुसऱ्या रेल्वे कंपनीत विलीन होऊन तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. पुढे कारखान्यांची भली मोठी मोकळी जमीन विद्यापीठाच्या आवाराला जवळजवळ लागूनच पडून राहिली, आणि तिच्यावरच हे स्टेडियम उभे राहिले.

त्यापूर्वी विद्यापीठाचा फुटबॉल संघ राज्याच्या जत्रा-प्रदर्शनाच्या मैदानावरील जुन्या कार्डिनल स्टेडियममध्ये खेळत असे. ते विद्यापीठाच्या मालकीचे नव्हते, शिवाय तेथे बेसबॉलचेही सामने होत. १९८३ मध्ये शहराच्या बेसबॉल संघाने तेथे एका हंगामात दहा लाखांहून अधिक प्रेक्षक खेचले होते आणि दुय्यम स्तरावरील साखळ्यांत असा पल्ला गाठणारा तो पहिलाच संघ ठरला होता. फुटबॉल संघ मात्र त्या घरात भाडेकरूसारखाच राहिला. १९८५ मध्ये हॉवर्ड श्नेलनबर्गर यांनी प्रशिक्षकपद स्वीकारल्यावर संघाला बळ आले आणि १ जानेवारी १९९१ रोजी त्याने फिएस्टा बोल या मानाच्या सामन्यात बलाढ्य अलाबामा विद्यापीठाला ३४–७ असे हरवले. स्वतःच्या स्टेडियमच्या मागणीला या विजयाने मोठा आधार दिला. श्नेलनबर्गर १९९४ च्या हंगामानंतर निघून गेल्यामुळे नव्या स्टेडियममध्ये त्यांना प्रशिक्षक म्हणून उभे राहता आले नाही. आज तेथील फुटबॉल संकुलाला त्यांचे नाव आहे.

सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर खर्चून बांधलेले, ४२ हजार आसनांचे स्टेडियम ५ सप्टेंबर १९९८ रोजी खुले झाले. पहिलाच सामना राज्यातील कट्टर प्रतिस्पर्धी केंटकी विद्यापीठाविरुद्ध झाला आणि यजमानांनी तो ३४–६८ असा गमावला; पाहुण्यांच्या टिम काउचने त्या दिवशी सात टचडाउन-पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या चेंडूफेकी) दिले. विद्यापीठीय स्टेडियममध्ये प्रेक्षक सर्रास पाठ न टेकता बाकांवर बसतात, पण येथे पाठ टेकता येईल अशा खुर्च्या बसवल्या होत्या, आणि त्याचे कौतुक त्या काळी पराभवापेक्षा जास्त दिवस टिकले.

बांधकामासाठी जॉन श्नॅटर यांनी ५० लाख डॉलर दिले आणि त्यांच्या पापा जॉन्स या पिझ्झा कंपनीचे नाव स्टेडियमला मिळाले. श्नॅटर जवळपासचेच, ओहायो नदीच्या पलीकडच्या काठावरील जेफरसनव्हिल हे त्यांचे गाव. वडिलांच्या मद्यालयातील झाडू ठेवायची खोली पाडून, आपली कॅमॅरो मोटार विकून आलेल्या पैशातून जुनी भट्टी व साहित्य घेऊन त्यांनी १९८४ मध्ये धंदा सुरू केला, ही कथा कंपनी आपल्या जाहिरातींत वर्षानुवर्षे सांगत आली. गावच्या मुलाने गावच्या विद्यापीठाला हात दिला, असेच या नामकरणाकडे तेव्हा पाहिले गेले. पुढे नव्या करारांनी कंपनीच्या नावाची मुदत २०४० पर्यंत वाढवण्यात आली.

येथे नामकरणाच्या दोन पद्धतींतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. देणगीदाराच्या किंवा थोर खेळाडूच्या सन्मानार्थ दिलेले नाव साधारणपणे कायमचे असते आणि त्यामागे कृतज्ञतेची भावना असते. ‘नामकरण-हक्क’ हा मात्र सरळ व्यवहार असतो : ठराविक वर्षांसाठी ठराविक रक्कम, तिचे हप्ते, आणि फलक, तिकिटे, प्रक्षेपण व छापील साहित्य यांवर नाव कसे आणि कोठे झळकेल याच्या अटी. लुईव्हिलमध्ये या दोन्हींची सरमिसळ झाली होती. पैसे आणि नाव कंपनीच्या धंद्याचे, पण त्या नावात माणूसही होता. पापा जॉन म्हणजे श्नॅटर स्वतःच. पुढील अडचणीचे मूळ येथेच होते.

स्टेडियमच्या उभारणीनंतर विद्यापीठाच्या क्रीडाविभागाने झपाट्याने पाय पसरले. १९९७ ते २०१७ या काळात क्रीडासंचालक असलेल्या टॉम ज्युरिक यांनी जवळजवळ प्रत्येक खेळासाठी स्वतंत्र मैदान किंवा इमारत उभी केली आणि प्रत्येकीमागे एखादा देणगीदार शोधला. हॉकीसाठी ट्रेगर स्टेडियम आणि मुलींच्या सॉफ्टबॉलसाठी अल्मर स्टेडियम २००० मध्ये तयार झाले. २००५ मध्ये राल्फ राइट यांच्या नावाचा जलतरण तलाव आणि बेसबॉलसाठी जिम पॅटरसन स्टेडियम खुले झाले. पॅटरसन हे मासळीचे तयार पदार्थ विकणाऱ्या लाँग जॉन सिल्व्हर्स या उपाहारगृह-साखळीचे संस्थापक, म्हणजे खाद्यव्यवसायाचा पैसा येथेही होताच. २०१४ मध्ये सॉकरसाठी लिन स्टेडियम उभे राहिले. बास्केटबॉलचा संघ २०१० पासून शहराच्या मध्यवर्ती भागातील केएफसी यम सेंटरमध्ये खेळतो, परंतु ते क्रीडागृह विद्यापीठाचे नसून स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरणाचे आहे. फुटबॉल स्टेडियममधील भोजनदालनाला ब्राउन अँड विल्यमसन या लुईव्हिलमधील तंबाखू कंपनीचे नाव देण्यात आले होते. २००४ मध्ये ती कंपनी दुसऱ्या तंबाखू कंपनीत विलीन झाली, तरी पुढेही दालन त्याच नावाने ओळखले जात राहिले. विकत घेतलेली नावे कधीकधी विकत घेणाऱ्यापेक्षा दीर्घायुषी ठरतात.

या गुंतवणुकीचे फळ केवळ प्रेक्षकसंख्येत मोजून चालणार नाही. अमेरिकेतील विद्यापीठे प्रादेशिक क्रीडासंघांत (कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांत) विभागलेली असतात आणि दूरचित्रवाणी-हक्कांचे उत्पन्न या संघांमार्फत वाटले जाते. त्यामुळे वरच्या संघात प्रवेश मिळणे ही आर्थिकदृष्ट्या सर्वांत मोठी बाब असते. लुईव्हिल २००५ मध्ये बिग ईस्ट या संघात आणि २०१४ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये दाखल झाले. चांगले स्टेडियम, चांगले सराव-केंद्र आणि भरलेली आसने नसती तर हे दरवाजे उघडणे अवघड होते. २०१० पर्यंत सुमारे ७ कोटी २० लाख डॉलर खर्चून प्रेक्षकक्षमता ५५ हजारांवर नेण्यात आली. २०१६ मध्ये लमार जॅक्सन या क्वार्टरबॅकने (संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने) हाइझमन करंडक, म्हणजे विद्यापीठीय फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, विद्यापीठाला प्रथमच मिळवून दिला, आणि २०१८ मध्ये उत्तरेकडील मोकळी बाजू आसनांनी भरून क्षमता ६० हजारांपलीकडे नेणारा आणखी एक विस्तार पूर्ण होत आला.

नेमक्या याच उन्हाळ्यात नावाचा प्रश्न उभा राहिला. एका दूरध्वनी-बैठकीत श्नॅटर यांनी कृष्णवर्णीयांसाठीचा अत्यंत अपमानकारक शब्द उच्चारल्याचे ११ जुलै २०१८ रोजी प्रसिद्ध झाले. त्यांनी ते मान्य करून माफी मागितली, कंपनीचे अध्यक्षपद सोडले आणि विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावरील आपल्या जागेचाही राजीनामा दिला. आपले बोलणे संदर्भ सोडून मांडले गेले, अशी भूमिका त्यांनी पुढे घेतली. दोनच महिन्यांपूर्वी विद्यापीठाच्या अध्यक्ष झालेल्या नीली बेंदापुडी यांनी १३ जुलै रोजी स्टेडियमच्या नावातून ‘पापा जॉन्स’ वगळत असल्याचे जाहीर केले. विशाखापट्टणमला जन्मलेल्या आणि आंध्र विद्यापीठात शिकलेल्या बेंदापुडी यांच्यासमोरील ही पहिलीच मोठी कसोटी होती. वाणिज्य महाविद्यालयातील एका केंद्राला असलेले श्नॅटर यांचे नावही तेव्हाच काढण्यात आले. प्रवेशद्वारावरील मोठी अक्षरे कामगारांनी एकेक करून उतरवली आणि मागे ‘कार्डिनल स्टेडियम’ एवढेच उरले.

निर्णय दोन दिवसांत झाला, पण करार २०४० पर्यंतचा होता. पूर्ण झालेल्या व्यवहारातून एका पक्षाने बाहेर पडायचे तर दुसऱ्याला भरपाई द्यावी लागते, मग कारण कितीही सबळ असो. जानेवारी २०१९ मध्ये विद्यापीठाच्या क्रीडासंस्थेने पापा जॉन्स कंपनीला पाच वर्षांत मिळून ९५ लाख डॉलर देण्याचे मान्य करून उरलेला हक्क मोकळा करून घेतला. (त्याच जानेवारीत शहराच्या विमानतळाला लुईव्हिलचे सुपुत्र मुहम्मद अली यांचे नाव देण्याचे ठरले, अलींच्या गावात या प्रकरणाला आलेली धार त्यावरून कळू शकेल.) प्रदर्शन-मैदानावरील मूळ कार्डिनल स्टेडियम २०१९ मध्येच पाडण्यात आले, त्यामुळे नाव एका वास्तूकडून दुसरीकडे पूर्णपणे वारशाने आले म्हणावयास हरकत नाही. मैदानावर मात्र काळ वाईट होता : २०१८ च्या हंगामात संघाने बारापैकी दहा सामने गमावले आणि हंगाम संपण्यापूर्वीच प्रशिक्षकाला जावे लागले.

सुमारे साडेचार वर्षे स्टेडियमला विकाऊ नाव नव्हते. या काळात ऐंशी मैलांवरील केंटकी विद्यापीठाचे उदाहरण सर्वांसमोर होते. त्याने २०१७ मध्ये कॉमनवेल्थ स्टेडियमचे नाव क्रोगर या किराणा-साखळीला बारा वर्षांसाठी, वर्षाला १८ लाख ५० हजार डॉलरप्रमाणे दिले होते. जानेवारी २०२३ मध्ये लुईव्हिलने एल अँड एन फेडरल क्रेडिट युनियनशी वीस वर्षांचा, ४ कोटी १३ लाख डॉलरचा करार जाहीर केला. वर्षाकाठी हे उत्पन्न २० लाख डॉलरच्या थोडे वर जाते. मूळ देणगीचे ५० लाख आणि सुटकेसाठी मोजलेले ९५ लाख यांच्या शेजारी हा आकडा ठेवला की नावाचा बाजारभाव दोन दशकांत किती चढला, हे उघड होते. नैतिक कारणाने घेतलेला निर्णय हिशेबानेही अंगाशी आला नाही, असे म्हणता येईल.

क्रेडिट युनियन ही बँक नव्हे. तिचे सभासद हेच तिचे मालक असतात, त्यांच्याच ठेवींतून त्यांना कर्ज मिळते, आणि अशा बऱ्याच संस्था एखाद्या कारखान्यातील किंवा कंपनीतील नोकरदारांनी सुरू केलेल्या असतात. महाराष्ट्रातील कामगारांच्या पतपेढ्या किंवा सेवकांच्या सहकारी पतसंस्था ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. नावातील ‘फेडरल’ हा शब्द संस्थेची नोंदणी राज्याच्या नव्हे तर केंद्राच्या कायद्याखाली झाल्याचे दर्शवतो. १९५४ मध्ये स्थापन झालेली ही पतसंस्था लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेच्या कर्मचाऱ्यांची होती. नावातली आद्याक्षरे त्या रेल्वेचीच. रेल्वे गेली, कारखाने जमीनदोस्त झाले, पण तिच्या कामगारांच्या बचतीवर उभी राहिलेली संस्था वाढत गेली, आणि जेथे इंजिने दुरुस्त होत त्याच जमिनीवरील स्टेडियमला तिने ती अक्षरे परत दिली. अशी सांगड नामकरण-हक्कांच्या व्यवहारात सहसा जुळून येत नाही. खरे तर स्थानिक संदर्भाशी काडीचा संबंध नसलेली नावेच या बाजारात बहुसंख्य आहेत.

या पैशाची गरज पुढे आणखी वाढली. राष्ट्रीय विद्यापीठीय क्रीडासंघटनेने २०२४ मध्ये मैदानाच्या पृष्ठभागावर प्रायोजकांची चिन्हे रंगवण्यास परवानगी दिली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार त्या जुलैपासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला. पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा एका विद्यापीठामागे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. पूर्वी जे उत्पन्न विटा-सिमेंटात जात असे त्याला आता दुसरा वाटेकरी आला. जुने नाव पुसवत नसेल तेथे विद्यापीठे वास्तूचे नाव तसेच ठेवून आतल्या हिरवळीचे नाव वेगळे विकतात. बेंदापुडी २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या. तेथील बीव्हर स्टेडियमच्या ७० कोटी डॉलरच्या नूतनीकरणासाठी २०२५ मध्ये हाच मार्ग स्वीकारण्यात आला. लुईव्हिलमध्येही बास्केटबॉलच्या सराव-केंद्राला एका व्यायामशाळा-साखळीचे नाव आहे, आणि खेळाडूंच्या अभ्यासकेंद्राला पेट्रोलपंप चालवणाऱ्या थॉर्नटन्स कंपनीचे.

स्टेडियममधील एक नाव मात्र कधी विक्रीला निघाले नाही. १९५१ ते १९५४ या काळात लुईव्हिलकडून खेळलेल्या आणि पुढे बाल्टिमोर कोल्ट्स या व्यावसायिक संघाकडून कीर्ती मिळवलेल्या जॉनी युनायटस यांचा पुतळा येथे आहे आणि मैदानात उतरण्यापूर्वी त्याला हात लावण्याचा खेळाडूंचा रिवाज आहे. सामन्याच्या दिवशी चाहत्यांची खरी लगबग सामन्यापूर्वी काही तास बाहेरच सुरू होते : मोटारींच्या उघड्या डिक्कीशी शेगड्या पेटतात, आणि स्टेडियमलगत कायमचे उभे केलेले मालगाडीच्या गार्डाचे लाल डबे त्या दिवसापुरते मेजवानीच्या खोल्या होतात.