बाल्टिमोरची चांदीची फुलं

चांदीची जुनी सुरई हातात आली की आधी तिच्या आत बघावं. बाहेर गुलाब आणि वेली गच्च दाटल्या असतील, तर आत नेमक्या त्याच जागी खळगे हवेत; मग नक्षी आतून ठोकून उठवलेली. आत सपाट असेल तर नक्षी वरून कोरलेली, नाहीतर ओतून डाक लावून बसवलेली असते. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सॅम्युएल कर्क यांनी १८१५ साली दुकान थाटलं आणि १८२८च्या सुमारास फुलांचा हा भरगच्च उठाव सुरू केला. पुढे तो त्या शहराच्याच नावानं ओळखला जाऊ लागला.

कोडं असं, की सुरईच्या अरुंद गळ्यातून हातोडा आत जात नाही, मग आतून ठोकायचं कसं? त्यासाठी 'झेड' अक्षरासारखी वाकवलेली लांब पोलादी दांडी वापरतात. एक टोक शेगड्यात, म्हणजे वस्तू आवळून धरणाऱ्या पकडीत, घट्ट आवळायचं, दुसरं वर वळलेलं गोल टोक सुरईत घालायचं. शेगड्याजवळ दांडीवर हातोडा मारला की दांडी थरथरते आणि आतलं टोक पत्र्याला खालून धक्का देतं. प्रत्येक ठोक्याला सुरई हातानं नेमकी त्या टोकावर धरावी लागते. ती जरा सरकली तर भलत्याच जागी उंचवटा येतो.

असे ओबडधोबड फुगवटे काढले की सुरईत वितळलेली राळ ओततात. राळेत विटकरीची भुकटी आणि थोडी चरबी मिसळलेली असते. थंडीत चरबी जास्त लागते, नाहीतर राळ ठिसूळ होऊन तडकते. राळेत हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे पत्र्याला आधार नसतो आणि ठसा, म्हणजे नक्षी ठोकायची पोलादी कांडी, खोल रुततो. मग बाहेरून बोथट ठशांनी पाकळ्यांच्या कडा, शिरा आणि मागची बारीक ठिपक्यांची जमीन उतरवतात. यात धातू खरवडला जात नाही, फक्त इकडून तिकडे सरकतो. राळ काढताना आच तोंडाकडून द्यायची. बुडाकडून दिली तर फुगलेल्या राळेला वाट मिळत नाही आणि ती उसळून अंगावर येते.

ठोकून ठोकून चांदी ताठ होते, कारण तिच्या स्फटिकांतले थर एकमेकांवरून सरकेनासे होतात. तशीच रेटली तर पाकळीच्या टोकाला, जिथे पत्रा सर्वांत पातळ, तिथे चीर जाते. म्हणून मधूनमधून ताव द्यावा लागतो: सुमारे ६०० ते ६५० अंश सेल्सिअस, अंधाऱ्या कोपऱ्यात मंद लाल दिसेपर्यंत. ताव जास्त झाला तर स्फटिक वाढून पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो.

दुसरा धोका मिश्रणातल्या तांब्याचा. कर्क यांच्या जुन्या भांड्यांवर '११ औंस' असा शिक्का असतो: १२ भागांत ११ भाग चांदी, म्हणजे सुमारे ९१.७ टक्के. स्टर्लिंग या प्रमाणित चांदीत ती ९२.५ टक्के असते. तापवताना प्राणवायू आत शिरून पृष्ठभागाखाली तांब्याचं ऑक्साइड बनवतो. सौम्य आम्लात बुडवल्यावर वरचा थर शुद्ध चांदीचा होतो आणि ऑक्साइडचा डाग झाकला जातो. जास्त घासलं की हा थर झिजून करडे-जांभळे ढग वर येतात.

म्हणून असं भांडं उजळताना हात आखडता ठेवावा. अॅल्युमिनियमचा कागद, गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं चांदीवर चढलेला सल्फाइडचा काळा थर पुन्हा चांदीत बदलतो, पण तो खोबणींतूनही जातो. फूल उठून दिसतं ते त्या खोबणीतल्या काळेपणावर! खडूची अगदी बारीक पूड पाण्यात कालवून मऊ सुती कापडानं फक्त उंच भाग पुसावेत.